दोन्ही सायकलींना कॅरेज

कोल्हार,
बुधवार, २० नोव्हेंबर १९९६

ती. राहीआक्का यांस,
तुमच्या धाकट्या भावजयीचा, जयमालाचा सप्रेम जयभीम.

पत्राला कारण आहे, पण ते लगेच सांगत नाही. कारण वाचून झालं की तुम्ही पत्र घडी घालून फळीवर ठेवता आणि बाकीचं तसंच राहतं, हे मला ठाऊक आहे. डोळ्याची पट्टी निघाली असं काष्टीच्या बाजाराहून आलेल्या माणसाकडून कळलं. फार बरं वाटलं. तुम्हाला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढते आहे. त्यामुळे पानं जास्त झाली तर तो तुमच्या डोळ्याचा दोष समजावा, माझ्या तोंडाचा नाही. गुडघा कसा आहे? बसताना दुखतो, उठताना दुखतो, की चालताना दुखतो हे वेगवेगळं कळवा. (हे मी उगाच विचारत नाही.) शेळी व्याली का? व्याली असेल तर पिलांना उबेला पोत्यावर ठेवा, थंडी सुरू झाली आहे.

माझं बरं चाललं आहे. सकाळचा चहा मी आता एकटीचाच टाकते. संध्याकाळचा मात्र अजून अधूनमधून दोघांचा होतो. तो जास्तीचा कप शेजारच्या आप्पासाहेबांना देते, आणि त्यांना वाटतं की हा त्यांचा मानच आहे. ज्या दिवशी चहा बरोबर एकीचाच होतो, त्या दिवशी ते कुंपणापाशी येऊन उगाच खोकतात. एस.टी.त कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, हक्काची जागा कशी सोडेल?

तर, तुमचे भाऊ गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्यासमोरच ठरलं की मी आता कोल्हारचं घर बंद करून लेकाकडे, सम्राटकडे, मिरजगावला राहायला जायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडेना, आणि सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघत होते की मला वाटलं, माझ्या घशात काही अडकलंय की काय. सम्राटनं बेत चांगला आखला. आधी दोन्ही सायकली न्यायच्या, कारण त्या पडून राहिल्या तर गंजतील. मग भांडी आणि ट्रंक. मग मी. (माझा नंबर शेवटी का, हे मी विचारलं नाही. मी कमी गंजत असेन.) म्हणजे सायकली गेल्या की मागोमाग माझं जाणं आलंच. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

सम्राटनं गाडी घेतली आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल. जुनीच आहे, पांढरी मारुती, लहानशी. पहिल्यांदा दारात आली तेव्हा नाव मारुती म्हणून आप्पासाहेब नारळ घेऊन धावत आले. सम्राट हसून म्हणाला, काका, आपल्यात नारळ फोडत नाहीत. आप्पासाहेब नारळाकडे बघत म्हणाले, "मग वैनी, चटणी तरी करा." चटणी केली. सगळ्यांनी खाल्ली. गाडी व्यवस्थित चालते.

आता सायकलींचं सांगते. मोठी काळी तर तुम्ही ओळखताच. पाटकऱ्याची नोकरी होती तोवर तुमचे भाऊ तिच्यावर पाटाच्या कडेनं रोज हिंडले. कुणाच्या शेताला पाणी गेलं, कुणी रात्रीत पाटाचं दारं फोडलं, सगळं त्या सायकलीनं पाहिलं आहे. मी तिच्या कॅरेजवर बसून उभा संसार केला. बाजार, दवाखाना, जयंतीची मिरवणूक, सगळीकडे मी मागे. कॅरेजवर एका अंगाला बसलं की पुढचं काही दिसत नाही, पुढे नवऱ्याची पाठ असते. दिसते ती रस्त्याची डावी बाजू. मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण अक्षरं शिकले ती त्या कॅरेजवरून. जाताना रस्त्याच्या एका बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या, येताना दुसऱ्या बाजूच्या. अडलं की पाठीवर बोटानं टकटक करायची, मग ते सायकल हळू करायचे आणि पुढे बघतच अक्षर सांगायचे. 'क्ष' मला खताच्या दुकानासमोर कळला. पुढे वाचनालयाची पुस्तकं त्याच कॅरेजला दोरीनं बांधून घरी यायची. आता वाचनालय पाटापलीकडे आहे, मी अलीकडे आहे, आणि मध्ये चालायचं अंतर बरंच आहे.

दुसरी निळी लेडीज सायकल. पाटबंधारे वसाहतीतल्या साहेबांची बदली झाली तेव्हा यांनी त्यांच्या मुलीची घेतली. ती नातीसाठी, सायलीसाठी घेतली असं सम्राटला वाटतं. सायलीलाही तसंच वाटतं. ती मिरजगावला हायस्कुलात जाते, तिला सायकल लागेलच. तिला मागे कॅरेज नव्हतं. सायकलीला, सायलीला नाही.

इथून घोटाळा सुरू झाला.

पंधरवड्यापूर्वी सम्राटचा आप्पासाहेबांकडे फोन आला. मी तेव्हा शेंगा वाळत घालत होते. येईपर्यंत फोन तुटला, तेव्हा निरोप आप्पासाहेबांनी दिला. कुंपणावरून ओरडून म्हणाले, "वैनी! सम्राट म्हनतोय, सायकलींना कॅरेज बसवून घ्या! दोन्ही! मंग नेता येतील!" मी म्हटलं, मोठीला आहे की. ते म्हणाले, "मला काय ठावं? त्यो म्हनला दोन्ही." मला वाटलं, बरोबर आहे, नवी माणसं, नवी पद्धत. कॅरेज असलं की धरून उचलायला बरं पडत असेल. (तुम्ही हसू नका, तुम्हीसुद्धा असंच केलं असतं.)

मी दोन्ही सायकली बन्सीच्या दुकानात नेल्या. बन्सी म्हणजे वेशीजवळचा सायकलवाला, यांच्या सायकलीचं पंक्चर काढून काढून तो म्हातारा झाला. निळीला त्यानं नवं, चांगलं भक्कम कॅरेज बसवलं, स्प्रिंगवालं. मोठीचं मागचं मी काढू दिलं नाही. मग बन्सी विचारात पडला. "मामी, सम्राट दोन्हीला म्हनला ना? मंग हिला बी बसवायलाच पायजे." मागे जागा नव्हती म्हणून त्यानं पुढे बसवलं, दूधवाल्यांच्या सायकलींना किटल्यांसाठी असतं तसं. मोठ्या सायकलीला आता पुढेही कॅरेज आणि मागेही. दोन्ही बाजूंनी शिंगं असलेल्या बैलासारखी दिसायला लागली. बन्सी लांब जाऊन, मान तिरकी करून बघत होता आणि खूश होता. मी पण खूश होते.

गेल्या रविवारी सम्राट आला. ओसरीवर सायकली उभ्या होत्या, मी पुसून चकचकीत केल्या होत्या. तो बघतच राहिला. म्हणाला, "आई, हे काय करून ठेवलंस?" मी म्हटलं, तूच म्हणालास. तेव्हा उलगडा झाला. त्याला कॅरिअर गाडीला बसवायचं होतं. गाडीच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो म्हणे, त्याला सायकली बांधायच्या. ते तो स्वतःच बसवून घेणार होता, फोनवर नुसतं सांगत होता. आणि आपल्याकडे कॅरेज म्हटलं की ते सायकलीलाच असतं, दुसरं कुणाला असतं? तो जमिनीवर बसून हसला. हसता हसता मोठीच्या मागच्या कॅरेजवर हात ठेवला आणि मग जरा वेळानं हसायचा थांबला. लहानपणी तोही पुढे दांड्यावर बसायचा. मी मागे, तो पुढे, मध्ये ते.

सांगाडा तर आणलाच नव्हता, कारण ज्या दुकानात विचारलं तिथे तो मोठ्या गाडीचा होता. तेव्हा आहे त्यात भागवायचं ठरलं. आधी डिकी उघडली. निळीचं पुढचं चाक आत गेलं आणि बाकी सगळी सायकल बाहेर राहिली. मग मागची सीट पाडून मोठी आत घालायला घेतली. हँडल आत गेलं तर पायडल अडतं, पायडल फिरवलं तर पुढचं कॅरेज अडतं, आणि कॅरेज दाबलं तर नव्या सीट कव्हरला भोक पडतं. (पडलं. लहान आहे. सूनबाई स्नेहलला सम्राट सांगणार नाही असं ठरलं आहे, तुम्हीही सांगू नका.) म्हशीला खिडकीतून घरात घ्यावं तसा प्रकार चालला होता. आप्पासाहेब चहाचा कप घेऊन सगळं बघत होते. त्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं. "टपावर टाका. आमी एस.टी.च्या टपावर म्हस सोडून समदं चढवलंय. लग्नाचं पलंग, कोंबड्यांचं खुराडं, एकदा तर एक नवरदेव बी." नवरदेव का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सम्राटनं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर संध्याकाळ झाली असती.

शेवटी टपावरच टाकल्या. खाली माझी जुनी गोधडी, वर दोन्ही सायकली उताण्या, चाकं आभाळाकडे. बांधायला शेंगांच्या पोत्यांचा सोल, चांगला जाड दोर. सांगाडा नसल्यामुळे सोल मागच्या एका खिडकीतून आत घेऊन दुसरीतून बाहेर काढायचा, पुन्हा टपावरून आणायचा आणि गाठ आतूनच मारायची असं आप्पासाहेबांनी शिकवलं. गाठ मारायला आत कुणीतरी हवं म्हणून मला मागे बसवलं. मी दोन दिवस राहून खोली बघून येणार होतेच, पिशवीत साड्या घातलेल्या होत्या. सोल आवळला आणि मग लक्षात आलं की मागची दोन्ही दारं आता उघडत नाहीत. म्हणजे सायकलींबरोबर मीही बांधली गेले. गाठ माझ्या नाकासमोर. सम्राट म्हणाला, "आई, भीती वाटतेय का?" मी म्हटलं, नाही, सुटका होत नाही एवढंच. आप्पासाहेबांनी टपाकडे हात वर केला, निळीची घंटी दोनदा वाजवली आणि म्हणाले, "जाऊ द्या!"

गावातून जाताना काय सांगू. प्रत्येक खड्ड्याला वरून टिंग होई. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत. कुणाला वाटलं निवडणूक लागली आणि सायकल हे चिन्ह आलं. एकानं तर कुणाला उभं केलंय म्हणून विचारलं, तेव्हा सम्राट म्हणाला, "आडवं केलंय." बन्सी दुकानातून धावत आला आणि त्याचं पुढचं कॅरेज उलटं दिसतंय म्हणून हळहळला.

गाव सुटलं. ऊन कलतं होतं आणि गाडीची सावली डाव्या बाजूला, उसाच्या कडेनं पळत होती. मी खिडकीतून तीच बाजू बघत होते, सवयच आहे. सावलीत गाडी कमी आणि सायकली जास्त दिसत होत्या. वाऱ्यानं मोठीचं पुढचं चाक गरागरा फिरत होतं. जणू कुणीतरी आमच्या डोक्यावरून पायडल मारत चाललं आहे आणि त्याला आमच्यापेक्षा घाई नाही. हे सम्राटला दाखवता येईना. तो गाडी चालवत होता, त्याला पुढे बघायचं होतं.

पुलाच्या अलीकडे पंपावर तो पेट्रोल घ्यायला उतरला. पेट्रोल घेऊन पुन्हा बसला, गाडी हळूच रस्त्याकडे काढली, आणि चाक पंपाच्या उंचवट्यावरून उतरलं तोच सोल सैल झाला. गोधडीसकट सगळं मागे सरकलं. निळी अलगद उतरून रस्त्याकडेला बसली, मोठी मागच्या काचेला टेकून राहिली. काच फुटली नाही, कुणाला लागलं नाही, फक्त बन्सीचं पुढचं कॅरेज वाकलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "ओ पावनं, तुमची एक शीट उतरली बगा. तिकीट कुठलं हुतं तिचं?" सम्राट ओशाळला. मी दार उघडेना म्हणून आतच बसून राहिले.

दोघांनी मिळून, म्हणजे सम्राट आणि त्या पंपावरच्या माणसानं, सायकली चालवत परत घरी आणल्या आणि मग माझ्यासकट गाडी आणली. सोमवारी त्याची बँक होती, तेव्हा अंधार पडायच्या आत तो एकटाच गेला. जायच्या आधी मात्र मोठी सायकल उलटी करून बसला. वाकलेलं पुढचं कॅरेज पान्यानं काढलं. आपल्या पांढऱ्या रुमालानं साखळी पुसली. मी म्हटलं, अरे रुमाल. तो म्हणाला, "आई, मिरजगावला मी ही ओसरीत ठेवणार आहे. बँकेत जाताना रोज हिच्यावरनं जाईन. गाडी रविवारची." त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. हात धुवायला मी पाणी ओतलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही. आक्का, आपण समजतो की आपलंच माणूस गेलं. त्याचेही वडील होते.

आता येत्या रविवारी तो परत येतो आहे, आणि या वेळी मारुतीच्या मापाचा सांगाडा घेऊनच. आप्पासाहेबांचं म्हणणं, सांगाड्याची गरजच नाही, त्यांच्या ओळखीचे ड्रायव्हर आहेत, एस.टी.च्या टपावर टाकू. बन्सीचं म्हणणं, दोन्ही सायकली खोलून पोत्यात भरून देतो, तिकडे जोडून घ्या. (त्यानं एकदा यांची सायकल जोडून दिली होती, तेव्हा हातात एक नट उरला होता. तो नट आमच्या कोनाड्यात अजून आहे आणि सायकल त्याच्यावाचून चालते आहे.) तुम्ही घरात सगळ्यांत मोठ्या, तेव्हा यांतला कुठला मार्ग धरावा, टप, पोतं की सांगाडा, ते कळवावं. तुमचा शब्द सम्राट मोडत नाही.

तब्येतीला जपा. डोळ्यात औषधाचे थेंब घालताना वर बघा, बोलू नका. शेळीचं कळवा. घरी लहानांना पापे, मोठ्यांना जयभीम.

तुमची,
जयमाला

ता. क. – सोल आपोआप सैल झाला नव्हता. गाठ माझ्या नाकासमोर होती हे वर लिहिलंच आहे. सम्राट पेट्रोल घ्यायला उतरला तेव्हा गाडी उभी होती आणि माझे हात मोकळे होते. पुलापलीकडे गाडी कुठे थांबणार नव्हती, तिकडे गेलो असतो तर मला गाठ सोडता आली नसती. हे वाचून झाल्यावर पान फाडून चुलीत घाला.

ता. क. दुसरा – तेव्हा टप, पोतं, सांगाडा यांचा विचार करत बसू नका. काळी सायकल सम्राटनं न्यावी. तिच्यावर त्याचा हक्क आहे आणि एकटीच असली तर ती सांगाड्यावर नीट बसेल. निळी जाणार नाही आणि मीही जाणार नाही. मिरजगावला मी पाहुणी म्हणून जाईन, चार दिवस राहीन, सायलीच्या वेण्या घालीन आणि परत येईन. हे सम्राटला मी सांगितलं तर त्याला वाटेल आई रुसली. तुम्ही सांगितलं तर वाटेल आत्याचा हुकूम आहे. म्हणून रविवारच्या आत इकडे या.

ता. क. तिसरा – आणि खरं काम हे. निळी सायकल सायलीसाठी घेतलेली नाही, माझ्यासाठी घेतली होती. पुस्तकं आणायला तुझं तू जा, माझ्या पाठीमागे किती दिवस बसशील, असं म्हणाले. दुखणं सुरू व्हायच्या आधी संध्याकाळी पाटाच्या रस्त्यावर मला शिकवत होते. मागे कॅरेज नव्हतं म्हणून सीट धरून पळायचे आणि सीट त्यांच्या हातातून निसटायची. शिकणं अर्धंच राहिलं. आता बन्सीच्या चुकीनं निळीला पाठीमागे धरायला चांगलं भक्कम कॅरेज झालं आहे, फक्त धरणारं माणूस नाही. तुम्ही लहानपणी मधल्या दांड्याखालून पाय घालून सायकल चालवायचात, गावात शिव्या खायचात, हे त्यांनी मला किती वेळा तरी सांगितलं आहे. तेव्हा आठ दिवस राहायच्या तयारीनं या. गुडघ्याचं मी जाणून आहे, म्हणून तर आधी विचारलं. मी फार जोरात नेणार नाही. पायात वहाणा नको, पट्ट्याच्या चपला घाला, थोडं पळावं लागेल. फक्त एक करा. हात सोडाल तेव्हा सांगून सोडा. तुमचे भाऊ धरलंय, धरलंय म्हणत राहिले, आणि केव्हा सोडलं ते मला कळलंच नाही.